शेवटच्या वेढ्याखाली

सुईचं टोक तिने कवचाच्या कडेखाली सरकवलं, श्वास रोखला आणि मनगट न हलवता नुसतं बोट वळवलं. नखाएवढा तुकडा अलगद सुटला. त्याच्याखाली गुळगुळीत पाठ दिसावी, अशी तिने मनोमन आशा धरली होती. पाठ दिसली, पण तिच्यावर एक गाठ होती. मसुरीच्या दाण्याएवढी, गोल. आणि तिच्या पलीकडे दुसरी, अजून अर्धी झाकलेली.

तिने फुंकर मारली नाही. वाटीतला ओला कापूस उचलला आणि दुखऱ्या जागेवर ठेवावा तसा त्या गाठीवर ठेवला.

"काय गं सूनबाई, उघडलं का दार?"

जिन्याच्या वरच्या पायरीवरून आत्याबाईंचा आवाज आला. गुडघ्यांमुळे त्या तळघरात उतरत नसत. पण आवाजाला गुडघे नसतात.

"अजून नाही, आत्याबाई. कवच फार चिकटून बसलंय."

"बसू दे. वीस कोटी वर्षांहून जास्त बसलंय, आणखी चार दिवसांनी काय बिघडतंय?"

पावलं परत गेली. तिने सुई खाली ठेवली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे तिचे कान तापले होते.

वस्तुसंग्रहालयाच्या त्या तळघरात ती जीवाश्म साफ करायची. हवेच्या दाबावर थरथरणारी एक लेखणी, सुया, मऊ ब्रश, टेबलाला बसवलेलं भिंग आणि डिंकाची बाटली, एवढा तिचा संसार. टेबलावर वाळूच्या उशीवर जो शंख निजला होता, तो जेवणाच्या ताटाएवढा होता. ट्रायासिक काळातला, म्हणजे समुद्रात नॉटिलससारखे प्राणी आपापली फिरती घरं घेऊन हिंडत होते तेव्हाचा. जुन्या खाणीतून तो आला त्या दिवशी तिच्या सासऱ्यांनी, बाबांनी, त्याच्यावर तळहात ठेवला होता आणि उभ्या उभ्या निरूपण सुरू केलं होतं.

"सूनबाई, जर्मनोनॉटिलसची पाठ कशी, रुंद आणि सपाट. वर पेला ठेवला तर सांडणार नाही. प्ल्युरोनॉटिलसच्या कुशीवर कंगोरे, जणू कुणी बोटं ओढलीत. ग्रायपोसेरसच्या शिवणीला खोल वळण. आणि क्लायडोनॉटिलसची शिवण? नागमोडी! एखाद्या शिंप्याला सांगितली असती तर काम सोडून पळाला असता. आता याच्याकडे बघ. ना कंगोरा, ना गाठ, ना दागिना. करणाऱ्याने याला नुसता गोलवा दिला आणि म्हणाला, जा, तुला एवढंच पुरे."

"म्हणजे आत्याबाईंचा टकल्या," ती म्हणाली होती.

"टकल्याच," बाबा म्हणाले होते, आणि त्यांचा हात शंखावरून उठला नव्हता.

टकल्या आणि मुरुम्या ही घरातली नावं. खरी लॅटिन नावं लांबलचक होती आणि जेवताना उच्चारली तर घास अडकेल अशी. आत्याबाई आणि बाबा, ही सख्खी बहीणभावंडं, दोघंही याच संग्रहालयात शंखांचे अभ्यासक होती आणि निवृत्त होऊनही रोज येत होती. तरुणपणी दोघं एकाच खाणीत उतरली. बहिणीला मोठा गुळगुळीत शंख मिळाला, भावाला लिंबाएवढा, पाठीच्या दोन्ही कडांना गाठींची ओळ असलेला. दोघांनी आपापल्या शंखावरून एकेक नवा वंश मांडला, त्याला नाव दिलं. वंशाच्या नावापुढे तो मांडणाऱ्याचं नाव लागतं, कायमचं. आत्याबाईंच्या नावावर पुढे आणखी पुष्कळ जमलं: ग्रंथ, पदं, मानचिन्हं, विद्यार्थी. बाबांच्या नावावर तेवढा एक मुरुम्या. बाकी जगात ते 'बाईंचे धाकटे भाऊ' होते. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण कुणी परदेशी अभ्यासक आला आणि मुरुम्याचं पूर्ण नाव, पुढच्या आडनावासकट, उच्चारलं की बाबा उगाचच सदऱ्याची बाही नीट करत.

भांडण होतं ते एवढंच की आत्याबाईंना मुरुम्या हा वेगळा वंश आहे हेच मान्य नव्हतं. चहाला बसलं की सुरू.

"धाकट्या, तुझ्या मुरुम्याचे अजून दुधाचे दात पडायचेत. तो माझ्या टकल्याचं पोर आहे."

"पोर? त्याचे शेवटचे पडदे बघ, ताई. दाटीने आलेत. हा प्राणी वाढत जातो, मागची खोली पडदा घालून बंद करतो, पुढच्या खोलीत राहतो. वाढ संपत आली की पडदे जवळजवळ पडतात. हे तूच मला शिकवलंस. माझा मुरुम्या ठेंगू असेल, पण जाणता आहे. सगळे ठेंगू लहान नसतात."

बाबा बहिणीपेक्षा वीतभर बुटके होते. हे वाक्य ते दरवेळी मान ताठ करून म्हणत.

"पडदे अंड्यातून बाहेर येतानाही दाट पडतात. तेही मीच शिकवलं होतं, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास."

"आणि तुझा टकल्या? तो काय जन्मतःच टकल्या?"

"ते त्याला उघडल्याशिवाय कसं कळणार? माझ्या पहिल्या शंखाचं पोट चुरगळलेलं. एक धड पोटाचा शंख मिळू दे, मग बघते तुझ्याकडे."

आणि धड पोटाचा शंख मिळाला होता. शंखाचा शेवटचा, सगळ्यांत बाहेरचा वेढा आतल्या वेढ्यांना पूर्ण कवेत घेऊन बसला होता. तो तुकड्यातुकड्याने सोडवायचा, प्रत्येक तुकडा जपून ठेवायचा म्हणजे नंतर जिथल्या तिथे चिकटवता येईल, आणि आत बघायचं. आत गुळगुळीत असेल तर दोन वंश. आत गाठी असतील तर एक. मग दोनपैकी एकच नाव राहणार, दुसरं मेलेल्या नावांत जमा होणार. कुणाचं राहील याबद्दल घरात कुणाच्या मनात शंका नव्हती. त्या घरात पहिला चहासुद्धा ताईलाच मिळायचा.

आता कापसाखाली गाठ होती. आणि ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, डिंक सुकला नाही. तिसऱ्या दिवशी सुयांची टोकं बोथट झाली. मग तिने एक माशाचा जीवाश्म काढला, जो कुणी मागितला नव्हता, आणि त्याचे खवले साफ करत बसली. कधी तिच्या मनात येई, कवच फार ठिसूळ आहे, पुढे गेलं तर सगळंच फुटेल, असं म्हणून तुकडा परत चिकटवून टाकावा. सगळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला असता. तिच्या हातावर त्या घराचा विश्वासच होता, हीच तर पंचाईत.

कापूस ती रोज ओला करत होती. तेवढं मात्र चुकत नव्हतं.

एका सकाळी बाबा जिना उतरून आले. एकटेच. खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसले.

"सुई दाखव."

तिने दिली. त्यांनी टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून जरासं ओढलं. नखावर पांढरी रेघ उमटली.

"धार आहे की."

"बाबा, कवच तडकेल असं वाटतंय. म्हणून जरा..."

"तुला पहिली सुई कोणी दिली?"

"तुम्ही."

"लग्न होऊन आलीस तेव्हा तुला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. तुझा नवरा म्हणाला, बाबा, हिच्या हातात काही देऊ नका, फोडेल. मी दिलं. मग आता मलाच शेंडी लावू नकोस." ते माशाकडे वळले. "हा काय म्हणतोय? याला का त्रास?"

तिला हसू आलं.

"कापूस कशाला ठेवलायस?"

बाबांनी कापसाकडे हात नेला नाही. दोन्ही तळवे मांडीवर ठेवून ते त्या शंखाकडे बघत राहिले.

"मी उचलणार नाही. काम तुझं आहे," ते म्हणाले. "एक सांगतो. या टेबलाशी बसलं की दगडाची बाजू घ्यायची असते, सासऱ्याची नाही. सासऱ्याची दया आली तर घरी माझ्या पानात चमचाभर तूप जास्त वाढ, मी नको म्हणणार नाही. इथे नको."

तिने कापूस उचलला.

बाबा वाकले. त्यांनी भिंग गाठीवर आणलं. मग म्हणाले, "हं. पुढे चल."

त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस ते तिच्या शेजारून हलले नाहीत. ती तुकडा सोडवायची, ते ब्रशने धूळ झटकायचे. एक गाठ, मग दुसरी, मग ओळ. पलीकडच्या कडेला दुसरी ओळ. आश्चर्य म्हणजे, जसजशा गाठी उघड्या पडत गेल्या तसतसा बाबांचा चेहरा खुलत गेला. आपलंच घर पाडायला आलेल्या गवंड्याला 'वा, काय घाव घालतोस' म्हणणारा माणूस तिने आधी पाहिला नव्हता.

"हे बघ, हे बघ! गाठी एकदम संपत नाहीत. इथे उंच आहेत, इथे बसक्या झाल्या, इथे नुसता फुगवटा, आणि इथून पुढे सपाट. वयात येताना याने आपले दागिने एकेक करून उतरवून ठेवलेत. पण टाकून नाही दिले गं! वरून घर बांधत गेला आणि लहानपण पोटात सांभाळलं. आणि ही नळी बघ."

एका जागी आतली एक खोली अर्धी उघडली होती. पुढची राहती खोली दार उघडं राहिल्याने चिखलाने भरली होती. ही मागची, बंद खोली मात्र पांढऱ्या स्फटिकांनी लखलखत होती. तिच्या पडद्याच्या मध्याच्या जरा खाली एक बारीक गोल भोक होतं, आणि त्यातून कडदोऱ्याएवढी नळी आरपार गेली होती.

"अम्मोनाइटात, यांच्या त्या चुलत घराण्यात, ही नळी बाहेरच्या कडेला पळते. यांच्यात बहुतेक मधूनच जाते, घरातल्या कर्त्या माणसासारखी. मागच्या प्रत्येक खोलीला पडदा घातला, पण प्रत्येक पडद्यातून हा एक जिवंत धागा ठेवला. त्याच धाग्याने मागच्या खोल्यांतलं पाणी उपसायचं आणि तरंगायचं. दार लावलं, संबंध नाही तोडला. अगं, हे कुणी शिकवलं असेल याला?"

"देवाची करणी आणि नारळात पाणी," ती म्हणाली.

"आणि याची करणी उलटी, पाणी बाहेर!" बाबा खळखळून हसले. वरून आत्याबाईंनी विचारलं, काय चाललंय खाली, तमाशा? तेव्हा दोघंही शाळेतल्या पोरांसारखी गप्प झाली.

मग ती अगदी आतल्या वेढ्यापर्यंत पोहोचली. लिंबाएवढा. तोच तो. कवचावर एक आवळल्यासारखी बारीक खाच होती, अंड्यातून बाहेर पडल्याची. आणि तिथल्याच आसपास, शिवणीच्या रेघा, म्हणजे आतले पडदे कवचाला जिथे टेकतात त्या खुणा, दाटीने आलेल्या. जवळजवळ, एकमेकींना चिकटून. आणि त्यांच्यापुढे रेघा पुन्हा मोकळ्या झाल्या होत्या, ऐसपैस, मोठ्या होत जाणाऱ्या खोल्यांच्या, थेट ताटाएवढ्या घेरापर्यंत.

बाबांनी भिंगातून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. आपला मुरुम्या त्यांना पाठ होता. त्याची दाट रेघांची जागा ते अंधारात बोटाने दाखवू शकले असते.

"हे म्हातारपण नाही," ते हळूच म्हणाले. "हा जन्म आहे. माझं पोर अंड्यातून बाहेर आलं आणि लगेच गेलं बिचारं. आणि मी जन्मभर त्याला जाणता म्हणत राहिलो. पाळण्याची दोरी बघितली आणि काठी समजलो."

बाबा उठले, खुर्ची जागेवर लावली आणि जिना चढू लागले. अर्ध्यावर थांबून त्यांनीच वर हाक मारली, खणखणीत:

"ताई! पोर तुझंच निघालं!"

वर खुर्ची सरकली.

"नीट पाहिलंस का?" आत्याबाईंचा आवाज आला.

"डोळे भरून."

आत्याबाईंनी टोमणा मारला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चहा झाला, जेवणं झाली, मुरुम्याचं नाव निघालं नाही. घर ओकंबोकं वाटायला लागलं. बाबा फार शहाण्यासारखे वागत होते, मागेल ते देत होते, 'हो ताई' म्हणत होते. आणि तेच तिला बघवत नव्हतं. तिने त्यांना तूप वाढलं. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि निमूट खाल्लं.

आठवडा उलटला तेव्हा आत्याबाईंनी तिला वरच्या खोलीत बोलावलं. त्यांची बोटं आता अक्षर काढत नसत. निबंध त्या तोंडी सांगत आणि ती लिहून घेई. खिडकीशी त्या डोळे मिटून बसल्या होत्या, भजनाला बसावं तशा, गुडघ्यावर बोटाने ठेका.

"लिही. शेवटच्या वेढ्याची पाठ गोल, गुळगुळीत. नाभी अरुंद. शिवण साधी, बाजूला एक उथळ वळण. नळी मध्याच्या किंचित खाली. आतल्या वेढ्यांवर, पाठीच्या दोन्ही कडांना, गाठींची एकेक ओळ. सबब दोन्ही वंश एकच."

लेखणी चालत राहिली.

"आता नवा परिच्छेद. दोन्ही नावं एकाच अंकात, एकाच दिवशी छापली गेली आहेत. तेव्हा कोणतं नाव आधीचं, हा प्रश्न उद्भवत नाही."

"एकाच अंकात?" तिने मान वर केली. "पण बाबा तर म्हणतात तुमचं आधी."

"माझं पान आधी. पान मोजत नाहीत, दिवस मोजतात. धाकट्याला नियम कधी धड वाचायचा नसतो. अशा वेळी दोन्ही वंश जो पहिल्यांदा एक करतो, तो निवडील ते नाव राहतं. आणि पहिल्यांदा एक मी करतेय. लिही. निवड." आत्याबाईंच्या बोटाचा ठेका थांबला. त्यांनी मुरुम्याचं लॅटिन नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. "पुढे याच्या बापाचं आडनाव. माझंही तेच आहे म्हणून घोटाळा नको, त्याचं आद्याक्षर घाल."

लेखणी थबकली.

"आत्याबाई, तुमचं नाव मग..."

"माझं काय? माझा शंख कुठे पळून जातोय? लिही पुढे. निवडीचं कारण: या नावाचा मूळ नमुना शाबूत असून त्यात पडदे व नळी स्पष्ट दिसतात, दुसऱ्या नावाच्या मूळ नमुन्याचा आतला भाग चुरगळलेला आहे. पूर्णविराम."

कारण चांगलं होतं. वाचणाऱ्या कुणालाही पटलं असतं.

मजकूर बाबांकडे गेला. शेजारच्या खोलीत खुर्चीचा आवाज आला, मग पानं उलटल्याचा. आत्याबाई खिडकीशी बसून राहिल्या. त्यांनी पेला उचलला, त्यात पाणी नव्हतं, तरी ओठांना लावला.

बाबा दारात आले तेव्हा कागद त्यांच्या हातात होता आणि चष्मा कपाळावर.

"ताई, हे कारण कशाला घातलंस?"

"म्हणजे?"

"नियम वाचला मी आत्ता. सबंध वाचला. निवडीला कारण लागत नाही. नुसती निवड करायची असते."

"लोक विचारतील."

"नाही विचारणार." ते आत आले, टेबलावरची लेखणी उचलली, वाकून ते वाक्य खोडलं आणि कागद बहिणीपुढे ठेवला. नाव तसंच होतं. त्याच्याखाली आता काहीही नव्हतं.

आत्याबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"रेघ वाकडी आलीय, धाकट्या."

"येऊ दे," बाबा म्हणाले, आणि बहिणीशेजारची खुर्ची ओढून बसले.

सून लेखणी सरसावून वाट बघत राहिली. पुढचं वाक्य सांगायला दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.